ओएलटीच्या खोलीतली हवा, ओल आणि वीज: देखरेख व नियंत्रणाची यंत्रणा पहिल्यांदा बसवणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावातून घरोघरी गेलेले फायबरचे जाळे शेवटी एका लहानशा खोलीत येऊन मिळते. दहा बाय दहाची जागा, वर उघड्या गच्चीचा स्लॅब, भिंतीला लागून एक रॅक; रॅकमध्ये ओएलटी (घरांकडे जाणाऱ्या फायबरांवर प्रकाशाने डेटा पाठवणारे आणि घेणारे मुख्य यंत्र), स्विच, राउटर, केबल टीव्हीचा सिग्नलही चालवत असाल तर ईडीएफए (प्रकाशाचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर), आणि खालच्या खणात रेक्टिफायर (मेन विजेची डीसी करणारे यंत्र) व बॅटऱ्या. १६ पोर्टांच्या ओएलटीवर प्रत्येक पोर्टामागे ६४ घरे धरली, तर १,०२४ घरांचे इंटरनेट या एका खोलीतल्या हवेवर अवलंबून असते. या धंद्यात नव्याने येणारी मुले स्प्लायसिंग (फायबरची टोके जोडणे) लवकर शिकतात आणि प्रकाश मोजणारा पॉवर मीटर वाचायलाही शिकतात, पण खोलीची देखरेख मात्र पहिल्या उन्हाळ्यात एखादा ओएलटी बंद पडेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही. हे काम कोणत्या क्रमाने करावे, काय विकत घ्यावे आणि नवा माणूस नेमका कुठे चुकतो, हे मी माझ्या अनुभवावरून पुढे सांगत आहे.

उष्णतेने नेमके काय बिघडते

फायबरमधून प्रकाश जातो, म्हणून उष्णतेचा त्याच्याशी संबंध नाही, असा एक समज असतो. काचेच्या तंतूपुरता तो बऱ्याच अंशी खरा आहे, पण प्रकाश पाठवणाऱ्या लेसरच्या बाबतीत अजिबात खरा नाही. लेसर तापला की तेवढाच प्रकाश देण्यासाठी त्याला जास्त विद्युतप्रवाह लागतो, प्रवाह वाढला की तो आणखी तापतो, आणि असे महिनोन्‌महिने चालले की त्याचे आयुष्य घटते. शिवाय साध्या डीएफबी लेसरची (एकाच तरंगलांबीचा प्रकाश देणारा लेसर) तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटरने सरकते. जीपॉनमध्ये (एका फायबरवरून अनेक घरे जोडण्याची पद्धत) ओएलटीकडून घराकडे जाणाऱ्या प्रकाशासाठी १४८० ते १५०० नॅनोमीटर एवढी रुंद जागा राखलेली असल्यामुळे तिथे हे सरकणे खपून जाते. परंतु आपल्या गावापर्यंत येणारी मुख्य लाइन डीडब्ल्यूडीएमवर (एकाच फायबरमधून जवळजवळच्या तरंगलांब्यांचे अनेक चॅनेल पाठवण्याची पद्धत) असेल, तर १०० गिगाहर्ट्झच्या मांडणीत दोन चॅनेलांमधले अंतर जेमतेम ०.८ नॅनोमीटर असते, म्हणजे न आवरलेला लेसर आठ अंश तापला तर तो थेट शेजारच्या चॅनेलवर जाऊन बसेल. म्हणूनच अशा लेसरच्या मॉड्यूलमध्ये थर्मोइलेक्ट्रिक कूलर (विजेने उष्णता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलणारा तुकडा) बसवलेला असतो. ईडीएफएच्या पंप लेसरलाही तसाच कूलर असतो. हा कूलर लेसर गार ठेवतो, पण त्यासाठी स्वतः वीज खातो आणि ती सगळी उष्णता मॉड्यूलच्या अंगावर टाकतो. खोली जितकी तापेल तितके त्याचे काम वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर त्याचे काही चालत नाही.

मर्यादा कोणती धरावी? दूरसंचार उपकरणांच्या ईटीएसआय ३०० ०१९ या युरोपीय मानकातला ३.१ हा वर्ग ५ ते ४० अंश सेल्सिअस हवा गृहीत धरतो. डेटा सेंटरसाठी ॲशरे ही संस्था १८ ते २७ अंशांची शिफारस करते. आपल्या खोलीला डेटा सेंटरसारखे थंड ठेवण्याची गरज नसते आणि ते परवडतही नाही, म्हणून उपकरणात शिरणारी हवा नेहमी ३० अंशांच्या आसपास असावी आणि कोणत्याही परिस्थितीत ४० ओलांडू नये, एवढे ध्येय मी धरतो.

पायरी पहिली: हातात किती मिनिटे आहेत ते मोजणे

एकही सेन्सर विकत घेण्यापूर्वी एक चाचणी करावी. एप्रिल किंवा मे महिन्यातल्या दुपारी, ग्राहकांना त्रास होणार नाही अशी काळजी घेऊन आणि स्वतः खोलीत हजर राहून, एसी बंद करावा, दार लावावे आणि ओएलटीच्या हवा शिरण्याच्या जाळीपाशी साधा डिजिटल थर्मामीटर लटकवून दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहावा. पारा ३८ ला पोहोचला की एसी पुन्हा चालू करावा. मी ही चाचणी पहिल्यांदा केली तेव्हा २७ अंशांवरून ३८ पर्यंत जायला पाऊण तासही लागला नव्हता, आणि त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती त्या तंत्रज्ञाला घरून तिथे पोहोचायला दीड तास लागत असे. याचा अर्थ अलार्म कितीही वेळेवर वाजला तरी तो माणूस तापलेल्या ओएलटीसमोरच येऊन उभा राहणार होता.

पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यावरून ठरतात. माणूस पोहोचण्याच्या वेळेपेक्षा खोली तापण्याची वेळ जास्त असेल, तर नुसती देखरेख आणि मोबाईलवर निरोप एवढे पुरते. ती कमी असेल तर माणूस येईपर्यंत खोली सांभाळणारे, आपोआप चालणारे नियंत्रण हवेच. देखरेखीवर पैसे घालायचे की नियंत्रणावर, हा वाद अशा चाचणीशिवाय सुटत नाही.

पायरी दुसरी: उष्णतेचा हिशेब

रॅकमधल्या उपकरणांनी खाल्लेली वीज जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन खोलीत उतरते. रेक्टिफायरच्या डिस्प्लेवर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. त्यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. समजा ५४ व्होल्ट आणि ५ अँपिअर आहेत, तर भार २७० वॅटचा झाला, आणि रेक्टिफायरची स्वतःची गळती धरून ३०० वॅट म्हणावे.

ही उष्णता पंख्याने बाहेर काढायची असेल तर लागणारी हवा काढण्याचे सोपे सूत्र असे आहे: वॅटला तीनने गुणावे आणि आत व बाहेरच्या तापमानात जेवढा फरक चालणार असेल त्या अंशांनी भागावे, उत्तर ताशी घनमीटरमध्ये येते. ३०० वॅटसाठी पाच अंशांचा फरक चालत असेल तर ताशी १८० घनमीटर हवा लागेल. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो; पुढे जाळी आणि फिल्टर लावल्यावर तो बराच घसरतो, म्हणून हिशेबाच्या दुप्पट क्षमतेचा पंखा घ्यावा.

मात्र या सूत्रात एक अट दडलेली आहे. पंखा खोलीला बाहेरच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरच ४६ अंश असतात, तेव्हा पाच अंशांची भर घालून आत ५१ होणार आणि कोणताही पंखा तिथे कामाचा नाही. तिथे दुपारी एसी आणि रात्री पंखा अशी वाटणी करावी लागते. याउलट घाटमाथ्यावरच्या गावात वर्षातले बरेच महिने पंख्यावर निभावते आणि विजेचे बिलही वाचते. स्लॅबवर पडणारे ऊन मात्र या हिशेबाबाहेर राहते. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट एवढे ऊन पडते, आणि त्यातला थोडासा भाग झिरपला तरी तो रॅकच्या उष्णतेला मागे टाकतो. गच्चीवर पांढरा परावर्तक रंग देणे किंवा पत्र्याची सावली करणे हे मोठा एसी घेण्यापेक्षा स्वस्त पडते, आणि वीज गेल्यावरही ते काम करत राहते.

पायरी तिसरी: तापमानाचा सेन्सर कुठे आणि कोणता

जागेचे महत्त्व सेन्सरच्या किमतीपेक्षा जास्त आहे. एका खोलीत मला सेन्सर थेट एसीच्या झोताखाली भिंतीला चिकटवलेला सापडला होता. पडद्यावर दिवसभर २२ अंश दिसत होते आणि सगळे निर्धास्त होते. प्रत्यक्षात त्या ओएलटीला हवा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघत होती, आणि शिरण्याच्या बाजूला शेजारच्या स्विचचा पंखा आपली गरम हवा सोडत होता. जाळीपाशी थर्मामीटर धरला तेव्हा ४१ अंश आले.

म्हणून आधी हवेची दिशा पाहावी. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी उपकरणाच्या प्रत्येक जाळीसमोर धरावी. जिथे ती आत ओढली जाते ती शिरण्याची बाजू आणि जिथे ती उडते ती निघण्याची. शिरण्याच्या बाजूला, धातूला न टेकता, एक ते दोन इंचांवर पहिला सेन्सर लावावा. दुसरा निघण्याच्या बाजूला लावावा, कारण दोन्ही आकड्यांतला फरक हे पंखा आणि फिल्टर यांच्या तब्येतीचे माप आहे. भार तोच असताना फरक आठवड्यागणिक वाढत असेल तर फिल्टर तुंबला आहे किंवा पंखा थकला आहे. तिसरा सेन्सर बॅटरीवर आणि चौथा बाहेर सावलीत लावावा. बाहेरचा आकडा नसेल तर खोली तापली याचे कारण ऊन आहे की बिघाड आहे, हे घरबसल्या कळत नाही.

नवख्या माणसासाठी डीएस१८बी२० हा सेन्सर चांगला आहे. उणे १० ते ८५ अंशांच्या टापूत तो अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो आणि प्रत्येक नगाला स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक असल्यामुळे एकाच तीनपदरी वायरवर अनेक सेन्सर ओवता येतात. डेटा आणि पुरवठा या तारांमध्ये ४.७ किलो-ओहमचा रोध लावायला विसरू नये. या सेन्सरच्या दोन खोडी माहीत असाव्यात. वीज आल्याबरोबर, मोजमाप होण्यापूर्वी वाचला तर तो ८५ अंश हा आकडा देतो, आणि वायर सुटली असेल तर आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डांसाठीच्या नेहमीच्या लायब्ररीतून उणे १२७ येतो. हे दोन्ही आकडे मोजमाप म्हणून न स्वीकारता त्यांचा स्वतंत्र ‘सेन्सर बिघाड’ असा अलार्म काढावा, नाहीतर वीज आल्यावर दर वेळी आग लागल्याचा खोटा निरोप जाईल. बाजारात याची नक्कलही मिळते, म्हणून बसवण्यापूर्वी कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी भरलेल्या पेल्यात वॉटरप्रूफ सेन्सर दहा मिनिटे बुडवून ठेवावा. आकडा शून्याच्या अर्ध्या अंशात आला नाही तर तो नग बाजूला काढावा.

सेन्सर रॅकपासून लांब, दुसऱ्या खोलीत किंवा गच्चीवर असतील, तर आरएस-४८५ या लांब पल्ल्याच्या तारजोडणीवर मॉडबस या भाषेत बोलणारे तयार सेन्सर घ्यावेत. पीळ दिलेल्या जोडतारेवर ते १,२०० मीटरपर्यंत चालतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावावा लागतो.

पायरी चौथी: उपकरण स्वतः काय सांगते ते ऐकणे

बाहेरून सेन्सर लावण्याच्या नादात एक फुकटचा सेन्सर विसरला जातो. एसएफपी मॉड्यूलच्या (पोर्टात खोचायचे, लेसर असलेले सुटे मॉड्यूल) आत एसएफएफ-८४७२ या ठरावानुसार पाच गोष्टी सतत मोजल्या जातात: तापमान, पुरवठ्याचा व्होल्टेज, लेसरचा बायस प्रवाह, पाठवलेला प्रकाश आणि मिळालेला प्रकाश. धोक्याच्या मर्यादाही उत्पादकाने मॉड्यूलमध्येच लिहून ठेवलेल्या असतात. साध्या व्यावसायिक वर्गाच्या मॉड्यूलचे अंग ० ते ७० अंशांपर्यंत चालते आणि औद्योगिक वर्गाचे उणे ४० ते ८५ पर्यंत. रस्त्यावरच्या कॅबिनेटमध्ये दुसऱ्या वर्गाचेच मॉड्यूल घालावे.

या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा तेही ठरावात सांगितले आहे: तापमानात तीन अंश आणि प्रकाशाच्या मापात तीन डीबी इतकी चूक मान्य आहे. तीन डीबी म्हणजे निम्मा किंवा दुप्पट प्रकाश. म्हणून हे आकडे पॉवर मीटरच्या जागी वापरू नयेत. त्यांचा उपयोग एकाच मॉड्यूलची आजची आणि सहा महिन्यांपूर्वीची स्थिती ताडून पाहण्यासाठी आहे. तापमान तेच असताना बायस प्रवाह महिन्यामागून महिना चढत गेला, तर तो लेसर म्हातारा होत आहे असे समजावे आणि पावसाळ्याआधी बदलून टाकावा.

हे आकडे एसएनएमपीने (जाळ्यातल्या उपकरणांकडून माहिती मागवण्याची ठरलेली पद्धत) मागवता येतात. ओएलटीमध्ये आरएफसी ३४३३ चा सेन्सर एमआयबी (उपकरण कोणते आकडे देते याची ठरीव यादी) असेल तर तो, नाहीतर कंपनीचा स्वतःचा एमआयबी वापरावा लागतो. झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर त्यांचे आलेख काढून देतात. ४१.२५ अंश हे मूल्य तारेवरून ४१२५ असे येते आणि दशांश किती स्थळांवर आहे ते दुसऱ्या रकान्यात असते, हे लक्षात न घेतल्यामुळे आलेख वेडेवाकडे दिसतात. शक्य असेल तिथे एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरावी, कारण दुसऱ्या आवृत्तीत परवलीचा शब्द उघडाच जातो.

पायरी पाचवी: ओल, आणि कोकणातली एक गोम

तापमानापेक्षा दमटपणा समजायला अवघड आहे, आणि इथे बहुतेकांचा अंदाज उलटा ठरतो. पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या एखाद्या खोलीत बाहेरची हवा २८ अंशांची आणि ९५ टक्के दमट आहे असे समजा. ती पंख्याने आत घेतली आणि उपकरणांच्या उष्णतेने ३३ अंशांपर्यंत तापली, तर तिच्यातले पाणी तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे ७१ टक्क्यांवर येते. म्हणजे चालू उपकरण स्वतःला कोरडे ठेवत असते. खरा धोका थंड पृष्ठभागाचा आहे. ज्या तापमानाला हवेतले पाणी धातूवर जमू लागते त्याला दवबिंदू म्हणतात, आणि दमट हवेसाठी तो काढण्याचा ठोकताळा असा आहे: शंभरातून आर्द्रतेचे टक्के वजा करावेत, पाचने भागावे आणि आलेला आकडा तापमानातून वजा करावा. ३० अंश आणि ८५ टक्के असतील तर दवबिंदू २७ आला. या हवेत २२ अंशांवर ठेवलेला कोणताही पत्रा घामेजणारच.

एसी २० वर लावून ठेवलेली खोली, तेवढ्यात वीज गेली, एसी थांबला, आणि काय झाले ते पाहायला कोणीतरी दार उघडले: नेमक्या या क्षणी बाहेरची दमट हवा गार झालेल्या पत्र्यावर येऊन पाणी होते. मी अशा एका खोलीत पॅच पॅनलच्या कडेला ओळीने थेंब धरलेले पाहिले आहेत आणि कार्डावरच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्याही पाहिल्या आहेत. समुद्राजवळ त्या थेंबात मीठ असते. म्हणून कोकणात एसी २६ ते २८ वर ठेवावा आणि अलार्म आर्द्रतेच्या टक्क्यांवर न लावता, सर्वांत गार पत्र्याचे तापमान दवबिंदूच्या दोन अंश जवळ आले की वाजेल असा लावावा. एसएचटी३१ सारखा सेन्सर आर्द्रता दोन टक्क्यांपर्यंत अचूक मोजतो. पत्र्यावर एक डीएस१८बी२० चिकटवला की हिशेब पूर्ण होतो. गरजेपेक्षा मोठा एसीही टाळावा. तो खोली चटकन गार करून थांबतो आणि हवेतले पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही.

पायरी सहावी: कंट्रोलर आणि त्याची वीज

सगळे सेन्सर वाचून रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) चालवणारा मेंदू म्हणून रॅकमध्ये बसणारे तयार युनिट घेता येते किंवा ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलरच्या बोर्डावर स्वतः बांधता येतो. रास्पबेरी पाय हा छोटा संगणकही चालतो, पण वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी त्याचे मेमरी कार्ड खराब होते. नवख्याने तयार युनिट घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि एक-दोन खोल्या सांभाळून झाल्यावर स्वतःचे बांधावे.

कंट्रोलरला वीज बॅटरी बँकेवरून दिली पाहिजे, भिंतीतल्या सॉकेटवरून नव्हे, कारण वीज जाते तेव्हाच त्याची गरज असते. इथे सर्वांत महागात पडणारी चूक होते. दूरसंचारातला पुरवठा उणे ४८ व्होल्टचा असतो, म्हणजे त्याचे धन टोक जमिनीला जोडलेले असते. बाजारात मिळणारा, ४८ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा स्वस्त कन्व्हर्टर आपल्या बाहेरच्या बाजूचे ऋण टोक आतल्या बाजूच्या ऋण टोकाशी थेट जोडून ठेवतो, त्यामुळे त्यातून मिळणाऱ्या ५ व्होल्टचा ‘ग्राउंड’ प्रत्यक्षात जमिनीच्या ४८ व्होल्ट खाली असतो. त्यावर चालणाऱ्या बोर्डाची यूएसबी केबल किंवा आवरण असलेली नेटवर्क केबल अर्थ केलेल्या रॅकला लागली की बोर्ड त्याच क्षणी जळतो आणि कधी ओएलटीचा पोर्टही सोबत जातो. म्हणून आयसोलेटेड कन्व्हर्टरच घ्यावा, आणि जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने आतल्या व बाहेरच्या टोकांमध्ये जोडणी नाही याची खात्री करावी. पुढे फ्यूज आणि सर्ज प्रोटेक्टर लावावा.

पायरी सातवी: पंखा आणि एसी आपोआप चालवणे

नियंत्रणाचा एकच नियम मी कधी मोडू देत नाही: कंट्रोलर मेला तर पंखा फिरत राहिला पाहिजे. त्यासाठी पंख्याची तार रिलेच्या एनसी टोकातून (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे रिलेला वीज नसताना जोडलेले टोक) न्यावी. रिलेला वीज मिळाली की पंखा थांबतो. बोर्ड जळला, प्रोग्रॅम अडकला, कन्व्हर्टर गेला, काहीही झाले तरी रिले सुटते आणि पंखा चालू होतो. बहुतेक नवे लोक हे उलटे जोडतात आणि पहिल्या बिघाडापर्यंत सगळे व्यवस्थित चालते. याशिवाय ३८ अंशांना चिकटणारा एक साधा बायमेटल थर्मोस्टॅट एनसी टोकाला समांतर जोडावा. त्यात ना प्रोग्रॅम असतो ना मेमरी, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. पंखे ४८ व्होल्ट डीसीचे घ्यावेत, म्हणजे वीज गेल्यावरही बॅटरीवर चालतील.

चालू होण्याचा आणि बंद होण्याचा आकडा एकच ठेवू नये. ३३ ला चालू आणि ३० ला बंद असे तीन अंशांचे अंतर ठेवले नाही तर रिले मिनिटाला दहा वेळा टकटक करत राहते आणि काही महिन्यांत तिची टोके जळतात. एसी तर बोर्डावरच्या लहान रिलेवर कधीच चालवू नये. कॉम्प्रेसर सुरू होताना खूप मोठा प्रवाह ओढतो, त्यासाठी योग्य मापाचा कॉन्टॅक्टर (मोठ्या प्रवाहासाठीची रिले) लागतो, आणि बंद झाल्यावर किमान तीन मिनिटे तो पुन्हा चालू होणार नाही अशी वेळ घालावी लागते. एसी विकत घेताना वीज परत आल्यावर तो आपोआप सुरू होतो का, हे दुकानातच प्लग काढून आणि लावून पाहावे. रिमोटची वाट पाहत बसणारा एसी माणूस नसलेल्या खोलीत कामाचा नाही.

पंख्याला वेग सांगणारी तिसरी तार असेल तर ती नक्की वाचावी. साधारणपणे एका फेरीला दोन स्पंद येतात. पंखा थांबण्यापूर्वी काही आठवडे मंदावतो, आणि ते कळले तर बदली पंखा घेऊन सावकाश जाता येते.

बॅटरीबद्दल थोडेसे

बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या म्हणजे दोन व्होल्टचे २४ सेल. प्रत्येकी २.२५ व्होल्ट धरून फ्लोट (बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी सतत दिला जाणारा व्होल्टेज) ५४ व्होल्ट येतो. पण बॅटरी तापली की हा व्होल्टेज उतरवावा लागतो, सेलमागे दर अंशाला सुमारे ३ मिलिव्होल्ट. दहा अंशांना २४ सेलचे ०.७२ व्होल्ट होतात. चांगल्या रेक्टिफायरमध्ये हे आपोआप होते, फक्त त्याचा तापमानाचा सेन्सर खोक्यातून बाहेर काढून मधल्या बॅटरीला चिकटवलेला असावा लागतो. तो पुडीतच राहिलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. सीलबंद बॅटरीचे आयुष्य दर आठ-दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, म्हणून खोलीत सर्वांत थंड जागा बॅटरीला द्यावी, रॅकच्या वर कधीच ठेवू नये.

पायरी आठवी: अलार्म कोणाला आणि कसा

ओएलटी किंवा रेक्टिफायरच्या पाठीमागे ड्राय कॉन्टॅक्टची (स्वतःची वीज न देणारा, नुसत्या स्विचसारखा उघडझाप होणारा संपर्क) टोके असतात. दार, धूर, पाणी आणि मेन वीज यांचे अलार्म तिथे जोडता येतात. दारासाठी चुंबकाचा रीड स्विच आणि पाण्यासाठी जमिनीवर अंथरायची दोरीसारखी सेन्सर तार घ्यावी, विशेषतः एसीच्या निचऱ्याच्या नळीखाली. जोडणी अशी करावी की सगळे ठीक असताना वर्तुळ बंद असेल आणि अलार्मच्या वेळी उघडेल. मग उंदराने तार कुरतडली तरी तो अलार्मच वाजतो. उलट जोडले तर तुटलेली तार ‘सगळे ठीक’ असेच सांगत राहते. उंदीर आणि पाली यांचा उल्लेख मी मनापासून करत आहे. उबदार रॅकमध्ये पाल शिरून विजेच्या टोकांवर मेल्यामुळे शॉर्ट सर्किट झालेले मी पाहिले आहे. प्रत्येक केबलचे भोक ग्लँडने किंवा पुट्टीने बुजवावे.

निरोप जाण्याची वाट ज्या जाळ्यावर आपण नजर ठेवतो त्याच जाळ्यावर अवलंबून नसावी. फायबर तुटले की त्याच फायबरवरून जाणारा अलार्मही तुटतो. त्यासाठी सिम असलेला मॉडेम वेगळा ठेवावा, आणि तो ४जीचा घ्यावा. जिओचे २जी जाळे नाही, त्यामुळे स्वस्त २जी मॉडेममध्ये ते सिम चालतच नाही. सिमचा रिचार्ज संपण्याची तारीख झॅबिक्समध्येच नोंदवून ठेवावी.

पातळ्या दोनच ठेवाव्यात. शिरणारी हवा सलग पाच मिनिटे ३५ च्या वर राहिली तर पहिली, आणि ४० ओलांडले तर दुसरी. पहिलीचा निरोप ड्यूटीवरच्या तंत्रज्ञाला, दुसरीचा मालकालाही. याशिवाय दहा मिनिटांत तीन अंश चढले तर आकडा कितीही असो, निरोप जावा. एसी बंद पडल्याची बातमी यातून ३५ ची वाट न पाहता मिळते आणि पहिल्या चाचणीत मोजलेल्या मिनिटांतली निम्मी तरी हाती राहतात. रोज दहा निरोप येणाऱ्या फोनकडे आठवड्याभराने कोणी पाहत नाही, म्हणून ज्या निरोपावर कोणी काही करणार नाही तो पाठवूच नये.

पायरी नववी: सुपूर्द करण्यापूर्वीची परीक्षा

सगळे बसवून झाल्यावर प्रत्येक गोष्ट एकदा खरोखर बिघडवून पाहावी. केस वाळवण्याच्या यंत्राने सेन्सर तापवावा आणि फोन किती वेळात वाजतो ते घड्याळ लावून पाहावे. सेन्सरची तार उपटावी. कंट्रोलरचा फ्यूज काढावा आणि पंखा फिरू लागतो का ते पाहावे. मेन एमसीबी पाडावा, पाच मिनिटांनी चढवावा आणि एसी स्वतःहून सुरू होतो का ते पाहावे. पाण्याच्या तारेवर पेलाभर पाणी ओतावे. ईडीएफए चालू असताना कोणताही पॅच कॉर्ड काढून त्याच्या तोंडाकडे पाहू नये. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि इजा मात्र करतो.

रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा: कोणता सेन्सर कुठे आहे, कोणत्या आकड्याला काय चालू होते, फिल्टर शेवटचा कधी धुतला आणि पहिल्या चाचणीत खोली तापायला किती मिनिटे लागली. कापसाच्या जिनिंगजवळ किंवा कच्च्या रस्त्यालगत फिल्टर महिन्याला धुवावा लागतो, इतरत्र तीन महिन्यांना चालते. दर वर्षी मार्चच्या शेवटी एसी बंद करून तीच पहिली चाचणी पुन्हा करावी, कारण वर्षभरात रॅकमध्ये एखादा स्विच वाढलेला असतो, बॅटऱ्या एक वर्षाने जुन्या झालेल्या असतात आणि कागदावरच्या जुन्या मिनिटांवर विसंबून राहता येत नाही.